इस्त्री केलेली पत्रं

माझ्या अक्काचं पत्र अप्पा आधी इस्त्री करून घेत आणि मगच ऐकत. निखाऱ्यांची जड पितळी इस्त्री होती त्यांच्याकडे. मी पाकीट घेऊन गेलो की काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, ते कात्रीनं फोडायच्या, आतले कागद जुन्या धोतराच्या घडीत ठेवायच्या आणि दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवायच्या. कागद जागोजागी पिवळा पडायचा, करपल्याचा वास सुटायचा. एवढं झाल्यावरही अप्पा पत्राला हात लावत नसत. मला दाराजवळच्या स्टुलावर बसवत आणि स्वतः पलीकडच्या खिडकीत जाऊन म्हणत, "सावकाश वाच बे. बारीक काही सोडू नको."

मोठ्या माणसाचा विक्षिप्तपणा म्हणून मी तेव्हा हे चालवून घेतलं. चारचौघांत कौतुकानं सांगायचोसुद्धा. आता आठवलं की किळस येते, आणि ती फक्त अप्पांची येत नाही.

अप्पा म्हणजे कादंबरीकार सिद्रामप्पा. आज त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसेल, पण सत्तरनंतरच्या त्या पाच-सात वर्षांत सोलापुरातल्या वाचनालयात त्यांच्या पुस्तकासाठी नंबर लावावा लागायचा. सात रस्त्याजवळ त्यांच्या धाकट्या भावाचं चादरींचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर अप्पांची लिहायची खोली. अंगानं स्थूल, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात धुवट मलमलचा सदरा. त्यांच्या एका कादंबरीत दार्जिलिंग होतं, एकीत आसामातला चहाचा मळा, एकीत आफ्रिकेतलं बंदर. आणि अप्पा स्वतः जन्मात अक्कलकोटच्या पुढे गेलेले नव्हते.

कुणी तसं म्हटलं तर ते मुळीच ओशाळत नसत. "जाऊन काय दिसतंय बे? धूळ दिसती," असं ठरलेलं उत्तर होतं. "गेलेल्याला मोठं मोठं दिसतं. डोंगर दिसतो, नदी दिसती. ते मला पण माहीत आहे की. बारीक दिसतं ते तिथं राहणाऱ्याला. त्याला विचारायचं आणि आपण घरी बसायचं."

विचारण्याची त्यांची रीत मोठी पद्धतशीर होती. पोस्टातून ते जोडकार्डांचा गठ्ठाच आणत. एका कार्डावर आपला मजकूर, त्याला जोडलेलं दुसरं कोरं कार्ड उत्तरासाठी. ही कार्डं दूरदूरच्या स्टेशनमास्तरांना, पोस्टमास्तरांना, शाळांच्या हेडमास्तरांना जात. एका कार्डावर तीनच प्रश्न. तुमच्या फलाटावर सकाळी पहिल्यांदा काय विकायला येतं? तुमच्याकडे बायका ओली लाकडं कुठे वाळवतात? पाहुणा नको असला तर त्याला कसं कळवतात? दहातल्या चार जणांची उत्तरं येत. एका डोंगरातल्या स्टेशनमास्तरानं कळवलं होतं की इथला चहावाला रिकामे पेले कोटाच्या आत काखेत धरून हिंडतो, कारण गार पेल्यात चहा लगेच निवतो. ते कार्ड आलं त्या दिवशी अप्पांनी खाली दुकानात जाऊन गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. कादंबरीच्या पहिल्याच पानावर तो चहावाला आला, आणि त्या भागात नोकरी केलेल्या एका गृहस्थांचं पत्र आलं की आपण तिथे निदान दोन वर्षं काढली असणार.

बर्फाचं प्रकरण लिहिताना तर त्यांनी कहर केला. ऐन मे महिना, माडीवर पत्र्याखाली भट्टी पेटलेली. अप्पांनी कारखान्यातून भुश्शात गुंडाळलेली बर्फाची लादी आणवली, घमेल्यात फोडली आणि त्यात पाय सोडून लिहायला बसले. "बधिरपणा आधी करंगळीला येतो, लिहून घे," असं ओरडले ते मला. प्रकरण दोन दिवसांत झालं, सर्दी पंधरा दिवस राहिली. या माणसावर माझं प्रेम होतं हे मी नाकारत नाही.

मी जकात खात्यात कारकून. अक्षर चांगलं, म्हणून कुणीतरी माझं नाव अप्पांना सुचवलं आणि त्यांच्या हस्तलिखितांची शुद्ध प्रत करायला मी संध्याकाळी जाऊ लागलो. एवढ्या मोठ्या लेखकाचं लिखाण सगळ्यांच्या आधी आपण वाचतो, याचीच धुंदी होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण शांता. तिला करकंबला दिलेली होती. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी तिला क्षय निघाला. सासरच्यांनी तिला लांब माळावरच्या एका आरोग्यधामात ठेवलं आणि तीन वर्षांची सुमन करकंबलाच राहिली. एक दिवस शुद्ध प्रत करता करता मी रजा मागितली आणि कारण सांगितलं. अप्पांनी टाक खाली ठेवला. "तुझी अक्का तिथं राहायला आहे? किती दिवस झाले?" सहा महिने, म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ती मला माया वाटली. एवढा मोठा माणूस माझ्या बहिणीची चौकशी करतोय, या विचारानं माझे डोळे भरून आले होते. आपण किती मूर्ख असू शकतो याला खरंच सीमा नाही.

त्या दिवसापासून माझ्या पत्रांत अप्पांचे प्रश्न जाऊ लागले आणि अक्काची लांबलचक उत्तरं येऊ लागली. आमच्याकडचे बहुतेक नातेवाईक तिला पत्र लिहायचे बंद झाले होते, कागदातून रोग येतो म्हणे. अशात कुणी कादंबरीकार तिला विचारत होता की तुझ्या खाटेवरून काय काय दिसतं. ती हरखून गेली. "अप्पांना सांग," तिनं लिहिलं होतं, "दुपारी तीनला खिडकीच्या गजांची सावली माझ्या पायथ्याशी येते. ती गुडघ्यापर्यंत चढली की नर्सबाई ताप बघायला येतात. इथे घड्याळ कुणी बघत नाही." आणखी एका पत्रात होतं की प्रत्येक बाईजवळ थुंकीसाठी झाकणाचा मग असतो, सगळे मग सारखे, म्हणून बायका आपापल्या लुगड्याच्या काठाचा दोरा काढून झाकणाला बांधतात. तिचा दोरा हिरवा होता. हे वाचल्यावर अप्पा खिडकीतून उठून दोन पावलं पुढे आले, मग इस्त्री कशासाठी केली ते आठवून तिथेच थांबले. "हिरवा दोरा," ते पुटपुटले. "अहाहा. काय बाई आहे!"

भर दुष्काळात मी तिला भेटायला गेलो. सांगोल्याला एसटी बदलायची होती. स्टँडच्या बाहेर बायका रिकाम्या घागरी रांगेत लावून टँकरची वाट बघत उन्हात बसलेल्या. अप्पांनी बजावलं होतं म्हणून मी त्या बायकांशी न बोलता घागरी कशानं झाकल्यात ते टिपून घेतलं. अक्का फाटकापर्यंत चालत आली. भरली होती अंगानं, गालांवर रंग होता.

"सुमीचा फोटू आणलास का रे?" हे तिचं पहिलं वाक्य.

फोटो काढायचा राहून गेला होता. अप्पांची चौदा प्रश्नांची यादी मात्र घडी घालून वरच्या खिशात होती. आम्ही लिंबाखाली बसलो. ती सांगायला लागली की भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, एकदा सुमीला घेऊन आले तर पोरीनं ओळखलंच नाही, त्यांच्या मागं लपली. सांगताना तिचा आवाज फुटला. आणि मी, तिचा पाठचा भाऊ, चारची परतीची गाडी होती म्हणून म्हणालो, "अक्का, रडू नको. एवढं सांग, जेवणाची घंटा लोखंडी आहे का पितळेची?" तिनं पदरानं डोळे पुसले, थोडा विचार केला आणि सांगितलं, "रुळाचा तुकडा टांगलाय. दगडानं वाजवतात." मग निघताना तिनं विचारलं, "अप्पा कवा येणार रे बघायला? मी सगळं दाखवीन की त्यांना."

तिचा निरोप मी सांगितला, तेव्हा अप्पा नेहमीसारखे म्हणाले, "जाऊन काय दिसतंय बे?" एरवी मी हसायचो. त्या दिवशी मला हसू आलं नाही, एवढंच. यादीतली उत्तरं मात्र मी वाचून दाखवली.

वर्षभरात कादंबरी होत आली. शुद्ध प्रत करताना मला त्या माळावरचा वारासुद्धा ऐकू यायचा, इतकं ते हुबेहूब होतं. सावली, दोरा, रुळाचा तुकडा, सगळं जिथल्या तिथं. आणि मग शेवटचं प्रकरण आलं. नायिका बरी होते, घरी परत येते, लेकीला छातीशी धरते. दोन महिन्यांत लेक खोकायला लागते आणि जाते. नायिका विहीर जवळ करते.

मी लेखणी ठेवली. म्हटलं, "अप्पा, असं होत नाही. तीनदा तपासणी करतात, थुंकीत काही नाही म्हणजे दुसऱ्याला लागत नाही. आपल्याकडे डॉक्टरांची पुस्तिका आहे. तुम्हीच मागवलेली."

"मला काय शिकवतो बे? ती पुस्तिका मला पाठ आहे," ते म्हणाले. "बरी होऊन संसाराला लागली तर वाचणारा पुस्तक मिटून जेवायला बसंल. मला त्याचा घास अडकवायचाय."

"पण हे खोटं आहे."

"मग? एवढी तीनशे पानं खरं दिलंय की त्यांना. दोऱ्याचा रंगसुद्धा खरा आहे. आता शेवटी एक खोटं दिलं तर कोण ओळखतंय?"

मी उठून जायला हवं होतं. गेलो नाही. त्या पोरीचं मरण मी तीन संध्याकाळी बसून सुवाच्य अक्षरात उतरवून दिलं. अप्पांची किळस पुढे आली, ही माझी मला आलेली किळस तिच्याही आधीची आहे आणि ती अजून गेलेली नाही.

पुस्तक तडाखेबंद खपलं. "लेखकानं तो आजार स्वतः भोगला असावा," असं एकानं लिहिलं. अप्पांनी ते कात्रण जपून ठेवलं. आणि पुढच्या माघात अक्का बरी होऊन बाहेर पडली. शिक्क्याचं सर्टिफिकेट, तीन स्वच्छ तपासण्या आणि सुमीसाठी लोकरीची टोपी एवढं सामान घेऊन आम्ही थेट करकंबला गेलो.

अक्काचे सासरे, तात्या, ओसरीवर बसलेले होते. शेती सांभाळून गावच्या वाचनालयाचं काम बघणारा, छापील अक्षराला देव मानणारा सज्जन माणूस. त्यांनी आम्हाला अंगणातच थांबवलं, घोंगडी टाकायला सांगितली, पाणी दिलं. मग आत जाऊन अप्पांची कादंबरी घेऊन आले. मुखपृष्ठ मी लांबूनच ओळखलं.

"शांता," तात्या म्हणाले, "मगाच्या झाकनाला हिरवा दोरा तूच बांदला हुतास न्हवं? तू म्हाद्याला दावला हुतास."

म्हाद्या म्हणजे भाऊजी. ते खांबाला टेकून खाली बघत होते.

"व्हय, मामंजी."

"दुपारी तीनाला सावली येती?"

"व्हय."

"जेवायला रूळ वाजिवत्यात?"

"व्हय."

"मग सगळं खरं आणि फुडचं तेवडंच खोटं, आसं मी कसं म्हनू, पोरी?"

 अक्काचीच साक्ष तिच्यावर उलटली होती. मी सर्टिफिकेट पुढे केलं, शेवट मनचा आहे म्हणून शपथा घेतल्या, मीच तो उतरवून काढलाय असंही सांगितलं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, "तुमी भाऊ हाय, तुमी आसंच म्हननार. ज्येनं लिवलंय त्येनं सांगू दे. येक चिठी आना त्येंची, की ह्ये शेवटचं मनचं हाय म्हनून. मी सवता सुमीला हिच्या वटीत घालतो." एवढ्यात दाराच्या फटीतून सुमी डोकावली. कुणीतरी तिचा दंड धरून तिला आत ओढलं. टोपी माझ्याच पिशवीत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्काला घेऊन सात रस्त्याला गेलो. एका चिठ्ठीचा तर प्रश्न होता. अप्पांना निरोप गेला आणि ते माडीच्या सज्जात आले. वर या म्हणाले नाहीत. आम्ही खाली दुकानाच्या बाजूच्या बोळात उभे, ते वर कठड्याला टेकलेले, मध्ये पंधरा पायऱ्या.

"तूच का ती सावलीवाली!" ते खूश होऊन म्हणाले. "फार बारीक नजर तुझी. एवढं बारीक मला कुणी सांगितलं नव्हतं."

अक्कानं मान वर करून सगळं सांगितलं. तात्या काय म्हणाले, सुमी कशी दारातून ओढून नेली. शेवटी दोन्ही हात जोडले. "अप्पा, दोन ओळी लिहून द्या. शेवट मनचा हाय म्हणून. माझी पोर मला मिळती."

अप्पांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "तसं कसं जमंल, बाई? आज हे खोटं म्हणून लिहून दिलं, तर उद्या लोक दार्जिलिंगपण खोटं म्हणतील. मी कुठं गेलोय? माझ्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे, तेवढीच माझी इस्टेट."

"पोर पाच वर्षांची हाय हो."

"कळतंय की मला. वाईट वाटतंय." त्यांना खरंच वाटत होतं, आवाज ओला झाला होता. त्यांनी डोळे बारीक केले, कठड्यावरून जरा पुढे वाकले आणि विचारलं, "हे बोलताना सासऱ्यानं पुस्तक कुठल्या हातात धरलं होतं?"

आणि अक्कानं सांगितलं! इतकी वर्षं या माणसाच्या प्रश्नाला उत्तर द्यायची सवयच लागली होती तिला. हात जोडलेलेच होते. "डाव्या. उजव्या हातात पानाचा डबा होता. पुस्तकात बोट घालून धरलं होतं, पान हरवू नये म्हणून."

"अरेरे," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "लिहून घे की बे. उभा काय राहिलास?"

पेन्सिल माझ्या खिशात होती. ती मी बाहेर काढली नाही. मी अक्काचा हात धरला आणि बोळातून बाहेर पडलो. त्यानंतर त्या माडीची पायरी मी चढलो नाही. त्या जोडलेल्या हातांपुढे तो प्रश्न विचारणारा माणूस नीच होता, हे लिहिताना मला आजही दुसरा मऊ शब्द सापडत नाही.

तात्यांना मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं की चिठ्ठी असेल तर या, नसेल तर तुम्हीही येऊ नका, शांता तुमच्याच घरात राहते. अक्का माझ्याकडेच राहिली. शिलाईचं मशीन घेतलं, गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवू लागली.

तीन-चार वर्षांनी अप्पा हृदयविकारानं गेले. शोकसभेला हॉल भरला होता. एक वक्ते म्हणाले, न पाहिलेली जागा डोळ्यांपुढे उभी करणारा असा माणूस पुन्हा होणार नाही. मग मला दोन शब्द बोलायला बोलावलं, त्यांचा जुना लेखनिक म्हणून. मी उठलो आणि सरळ बाहेर पडलो. खरं बोलायचं तर सभेत बोलायला हवं होतं, पण तेवढी हिंमत तेव्हाही झाली नाही.

घरी आलो तर अक्का जमिनीवर फुलाफुलांचं कापड पसरून बसली होती. दर दिवाळीला ती सुमीला फ्रॉक शिवून पाठवायची. सोलापूरच्या बाजाराला गूळ घेऊन येणारा करकंबचा एक शेतकरी तो गुपचूप भाऊजींच्या हाती द्यायचा. माप घ्यायला पोर समोर नव्हती. म्हणून दर खेपेला त्या माणसाला निरोप जायचा, सुमी दाराच्या कडीला लागते का, घागर कमरेवर घेते का डोक्यावर, बसली की गुडघे झाकतात का. शोकसभेच्या गडबडीत तिनं मला बजावलं होतं की जाता जाता बाजारात त्याला गाठ.

"भेटला का रे तो?" खडू हातात धरून तिनं विचारलं.

"भेटला. कडीच्या वर गेली म्हणाला. दोन बोटं."

"आणि मागचा फ्रॉक?"

"नीट बसला म्हणे."

तिनं कापडावर दोन बोटं ठेवली, खडूची रेघ तेवढी खाली सरकवली, आणि कात्री उचलली.